सहाव्या महिन्यात स्टुटगार्टला येताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) नोकरी लागली आहे, तुला अठरावा आठवडा सुरू आहे. दीड महिन्याने दोघांनी एकत्र निघायचं, की तू साताऱ्याला माहेरी बाळंत होऊन मागाहून बाळाला घेऊन यायचं? ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

एकत्र निघा. माहेरच्या बाळंतपणाचं सुख मला कळत नाही असं नाही. पण पुढचा हिशोब मांडून बघ. बाळाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग त्याच्या नावाचा वेगळा व्हिसा, आणि हे सगळं होईपर्यंत नवरा इथे एकटा. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे बापाने लेकराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ते पालथं पडायला लागलं होतं. शिवाय तिकडच्या बाळंतपणाचा खर्च इथल्या विम्यातून मिळत नाही. अपवाद एकच. जुळी असतील, बीपी वर असेल, वार खाली असेल, तर तुझ्या डॉक्टर सांगतील तसंच कर, माझं ऐकू नकोस.

निघायला चोवीस ते सव्वीस आठवडे ही वेळ चांगली. एकोणीस-वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफी तिकडेच उरकून घे. अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागू शकतात आणि छत्तिसाव्यानंतर बहुतेक जणी घेतच नाहीत. पण खरी घाई विमानाची नाही. इथे तुला डॉक्टर, सुईण अशी माणसं जमवायची आहेत, त्याला दोन-अडीच महिने लागतात. म्हणून कागदांचं सगळं काम तिकडेच संपव.

आता ते कागद. दोघांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट. ऐकायला सोपं वाटतं. तुझा जन्मदाखला आजच कपाटातून काढ आणि त्यावर तुझं नाव आहे का बघ. आपल्या पिढीतल्या कितीतरी दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते, नुसतं ‘मुलगी’ आणि आई-वडिलांची नावं. तसं असेल तर नगरपालिकेत जाऊन नाव चढवून घे, नवी प्रत काढ. दुसरी गोष्ट, आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. दाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. इथल्या जन्म-विवाह नोंदणी कार्यालयातल्या, म्हणजे श्टांडेसाम्टमधल्या बाईंना त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाहाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव स्पष्ट असेल तर बरं. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर तेही आण.

अपॉस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या शिक्क्यासाठी, एजंटला पैसे देऊ नकोस. भारत त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, जर्मनीही आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे आपली अपॉस्टिल इथे चालत नाही. त्याऐवजी श्टांडेसाम्टला वाटलं तर ते जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करवतात, आणि तिला महिने लागतात. काही कार्यालयांत मूळ दाखला आणि शपथबद्ध अनुवादकाचं जर्मन भाषांतर यावर भागतं. बाळाची नोंद तुम्ही राहता तिथे होत नाही, दवाखाना ज्या गावात आहे तिथे होते. तेव्हा दवाखाना ठरला की त्या गावच्या श्टांडेसाम्टला आधीच ईमेल करून काय लागेल ते विचार. पडताळणी लांबली तर पूर्ण दाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा देतात, पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा मारून. वाचून धस्स होतं, पण कामं अडत नाहीत.

आल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. सुरुवातीला सामानासकट तात्पुरतं घर घ्याल, तेव्हा ‘इथे आनमेल्डुंग होईल ना?’ हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. तिच्याशिवाय टॅक्सचा क्रमांक नाही आणि पुढचं गाडं तिथेच रुततं.

विमा नवऱ्याने सरकारी पद्धतीचाच घ्यावा, टेक्निकर, आओका, बार्मर या विमा संस्थांपैकी कुठलाही. तुला नोकरी नसेल तर तू त्याच्याच हप्त्यात येतेस, बाळही येतं, आणि आधीपासून दिवस गेलेले आहेत म्हणून कुणी नाक मुरडत नाही. पगार मोठा असला तर खासगी विमावाले स्वस्त हप्ता दाखवून मागे लागतील. तिथे घरातल्या प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

स्टुटगार्ट म्हणजे वाडग्यासारखं खोलगट शहर, चहूबाजूंनी चढ. रस्त्यांना जोडणारे दगडी जिने शेकड्यांनी. नकाशावर स्टेशनपासून सहा मिनिटं दाखवलेलं घर निम्म्या जिन्यांवर असू शकतं, आणि बाबागाडी घेऊन तिथे रडू येतं. जुन्या सुंदर इमारतींना लिफ्ट नसते. मी तर म्हणेन लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगेन, एस्लिंगेन अशा एस-बान या लोकल गाडीच्या मार्गावरच्या गावात तळमजला किंवा लिफ्ट बघा. जाहिरातीतलं भाडं बहुधा थंड भाडं असतं, वर हीटिंग-पाण्याचा खर्च येतो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत. आणि स्वयंपाकघर आहे का हे नक्की विचारा. पुष्कळ घरांत तिथे नुसते नळाचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले असतात.

या भागात केरवोखं नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना, तळघर, बाहेरचा फुटपाथ आळीपाळीने भाडेकरूंनी झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. नवव्या महिन्यात पाटी आमच्या दाराला आली. समोरच्या आजी, ज्या तोवर माझ्याशी ‘ग्र्यूस गॉट’ या इथल्या नमस्कारापलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी ती काढून स्वतःच्या दाराला अडकवली आणि दार लावून घेतलं. इथली माणसं अशीच, बोलायला उशीर, करायला नाही. राहायला गेलात की पहिल्या आठवड्यात वर-खालची दारं वाजवून नाव सांगून या.

डॉक्टर आणि हेबामे (इथली सुईण) यांचा शोध मात्र तिकीट हातात आलं की साताऱ्यातूनच सुरू कर. पुष्कळ स्त्रीरोगतज्ज्ञ नवे पेशंट घेत नाहीत, फोन तर उचलतच नाहीत. नवऱ्याला पुढे पाठवणार असाल तर त्याने प्रत्यक्ष जाऊन काउंटरवर उभं राहावं, अठ्ठावीस आठवड्यांच्या आत भेट पाहिजे म्हणून सांगावं. गरोदर बाईला सहसा कुठेतरी बसवतात. नाहीच जमलं तर 116117 या क्रमांकावर भेटीची सोय लावून देतात. (रात्री-अपरात्री, पण जिवावरचं नसलेलं दुखणं असलं तरी हाच नंबर. जिवावरचं असेल तर 112.) तुझे सगळे रिपोर्ट इंग्रजीत, तारखेवार लावून आण: रक्तगट, साखर, थायरॉइड, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, सगळ्या सोनोग्राफी. त्यावरून डॉक्टर मुटरपास भरतात. ही निळी वही बाळंतपण होईपर्यंत पर्समधून काढायची नाही. तपासणी चार आठवड्यांनी, बत्तिसाव्यानंतर दोन आठवड्यांनी. आणि हो, इथे सोनोग्राफी करताना डॉक्टर सरळ विचारतात, मुलगा की मुलगी कळून घ्यायचंय का? ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’च्या पाट्या बघत वाढलेल्या आपण, एकदम गडबडतो. दोघांनी आधीच ठरवून जा.

हेबामे म्हणजे सुईण म्हणून कुणी सांगितलं तर जुन्या सुईणीचं चित्र डोळ्यांपुढे आणू नकोस. ती शिकलेली, परवाना असलेली, आणि इथल्या कायद्याने प्रत्येक बाळंतपणात हजर असावीच लागते. डॉक्टर शेवटाला येतात, काही अडलं नाही तर फारसे दिसतही नाहीत. पण तुला शोधायची आहे ती घरी येणारी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी, आणि खर्च विमा देतो. मोठ्या शहरांत त्यांची चणचण आहे, इथल्या बायका टेस्ट पॉझिटिव्ह आली की फोन करतात. तू उशिरा आहेस, म्हणून वीस-तीस जणींना ईमेल टाक. जर्मनमध्ये चार ओळी, प्रसूतीची तारीख आणि पिनकोड पहिल्याच ओळीत, कारण त्या लांबचा पत्ता घेत नाहीत.

आमच्या हेबामेने पिशवीतून सुती फडकं काढलं, बाळाला त्यात गुंडाळून चार टोकं एकत्र केली आणि रद्दीवाल्याकडे असतो तसल्या ताणकाट्याला अडकवून उचललं. आईच्या हातातला चमचा खाली पडला. बाळ मात्र त्या झोळीत गाढ झोपलेलं. मग तिने आकडा वहीत लिहिला, माझे टाके बघितले, दूध पाजताना खांदे वर ओढू नकोस म्हणाली, आणि शेवटी आईने दिलेला अळिवाचा लाडू कसा करतात ते विचारून घेतलं. मधावरून दोघींचं वाजलं. वर्षाच्या आत मध नको, घुटीतही नको, यावर ती ठाम होती, आणि तिचंच खरं आहे. रोज अंघोळ नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ते चालवून घेतलं. धुरी मात्र घरात देऊ नका, झोपायच्या खोलीत स्मोक अलार्म सक्तीचा आहे आणि तो बाळापेक्षा मोठ्याने रडतो. शेकाला गरम पाण्याची पिशवी पुरते.

दवाखान्यात नाव तिसाव्या आठवड्यानंतर नोंदव. तारखेच्या आधी जन्माची शक्यता असेल तर क्लिनिकुम स्टुटगार्टचं स्त्री-रुग्णालय बरं, लहान मुलांचं ओल्गाहॉस्पिटल तिथे लागूनच आहे. नाहीतर घराजवळचं बघ. नवरा आत सोबत असतो. रात्रीचं जेवण म्हणजे थंड पाव, चीज, काकडी. बाळंतिणीला ते बघून आईची आठवण येते, तेव्हा नवऱ्याला मऊ भात आणि मुगाचं वरण डब्यात भरायला आतापासून शिकव.

दोन्ही आज्यांना एकदम बोलावू नका. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. आई तारखेच्या आठवडाभर आधी येऊ दे, ती गेली की सासूबाई. सहा महिने त्यात निघतात आणि ‘पहिलं बाळंतपण माहेरचं’ हा सासूबाईंचा मुद्दाही राहतो, माहेरच इकडे येतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. नवऱ्याने प्रोबेशनमध्येही एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकत्वाची रजा, घेतली तर चालते. सात आठवडे आधी कळवायचं असतं. बिचकेल तो, पण हक्काची आहे.

पैशांचं पटकन. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, 2025 मध्ये दरमहा 255 युरो होता. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या पालकाचा भत्ता, किमान 300, कमाल 1800. आधीच्या वर्षाच्या कमाईवर ठरतं, पण भारतात मिळवलेला पगार त्यात धरत नाहीत, त्यामुळे तुला बहुधा 300च मिळतील. इथे तो अर्ज एल-बांक या राज्य सरकारच्या बँकेकडे जातो आणि मागचे तीनच महिने देतात, म्हणून उशीर नको.

बारसं बाराव्या दिवशी हौसेने करा, पण नावाचा फॉर्म दवाखान्यातच पुढे येतो; फार तर महिनाभराची मुभा. मधल्या जागी वडिलांचं नाव लावायचं का, स्पेलिंग काय, हे तुम्हा दोघांत आधीच ठरलेलं असू दे. बाळ जर्मन होत नाही. त्यासाठी आई किंवा बाप इथे पाच वर्षं राहिलेला आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेला लागतो. ते भारतीय. जन्माची नोंद आणि पासपोर्ट म्युनिकच्या भारतीय वकिलातीत, वर्षाच्या आत. इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात बाळाच्या परवान्याचा अर्ज मात्र सहा महिन्यांच्या आत. बीसीजीची लस इथे देत नाहीत. भारतात न्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. त्यांच्याकडेही जागा नसते, सातव्या महिन्यातच नाव घाल.

सामानात पाळणा, बाबागाडी, ढीगभर कपडे भरू नका. लहान मुलांच्या वस्तूंचे जुने बाजार इथे भरतात आणि वस्तू नव्यासारख्या असतात. जुन्या लुगड्यांची दुपटी आण, तशी मऊ इथे मिळत नाहीत. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा आण. तूप आणू नकोस, दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे आणि विमानतळावर डबा फेकून देतात. इथलं बिनमिठाचं लोणी झकास आहे, त्याचं घरीच कढव.