‘स्टिकी विकेट’ची विकेट कोणती?

‘मंत्री स्टिकी विकेटवर आहेत’ या इंग्रजी वाक्यातील विकेट म्हणजे यष्ट्या असतील तर त्या चिकट कशा होतील, आणि हे मराठीत कसे लिहावे, असे एका अनुवादक भगिनींनी विचारले आहे.

येथे विकेट म्हणजे यष्ट्या नव्हेत, बाद झालेला गडीही नव्हे. येथे ती खेळपट्टी आहे. ‘विकेट फिरकीला साथ देते आहे’ असे आपण म्हणतो, तोच हा अर्थ. सामना चालू असताना खेळपट्टी झाकण्याची पद्धत नव्हती, त्या काळातला हा वाक्प्रचार आहे. पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर कडक ऊन पडले की वरचा थर सुकू लागतो, पण खालची माती ओलीच राहते. अशा मातीत चेंडू रुततो आणि मग कधी अंगावर उसळतो, कधी हातभर वळतो. फलंदाज कितीही निष्णात असला तरी त्याचे तेथे फारसे चालत नाही.

जानेवारी 1937 मधील मेलबर्न कसोटी हे याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडने अशा खेळपट्टीवर 9 बाद 76 धावांवर डाव घोषित केला, तो ऑस्ट्रेलियाला त्याच चिखलात खेळायला लावण्यासाठी. ब्रॅडमन यांनी मात्र तळाचे फलंदाज आधी पाठवले, स्वतः सातव्या क्रमांकावर उतरले आणि खेळपट्टी सुकल्यावर 270 धावा काढल्या. फलंदाज तोच असूनही पायाखालची जमीन बदलली की सारे बदलते, हे या वाक्प्रचाराचे मर्म मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मूळ प्रतिमेत दोष खेळणाऱ्याचा नसून परिस्थितीचा आहे.

म्हणूनच ‘चिकट खेळपट्टीवर’ हे शब्दशः भाषांतर मला मान्य नाही. मराठीत चिकट माणूस म्हणजे कवडी न सोडणारा, आणि वाचकाचे मन नेमके तिकडे वळते. ‘अडचणीत आहेत’ हे बरोबर असले तरी फिके आहे. माझी पसंती ‘पेचात सापडले आहेत’ याला आहे. पेच हा फारसीतून आलेला, मूळ पीळ या अर्थाचा शब्द कुस्तीच्या डावपेचांत आणि पतंगांच्या काटाकाटीत आपल्याकडे इतका मुरला आहे की, खेळातल्या इंग्रजी प्रतिमेला येथे खेळातलीच मराठी प्रतिमा मिळते. मजकूर प्रत्यक्ष क्रिकेटचा असेल, तर मात्र ‘पावसानंतर सुकत चाललेली खेळपट्टी’ असे सरळ लिहावे.