शेवंतीची पेरं लांबली, आता पॅक्लोब्युट्राझोल टाकू का?

नको, झाड बुटकं ठेवणारं ते औषध एवढ्यात नको. आधी झालं काय ते बघू.

तुम्ही लिहिलंय की शेवंतीला कळ्या दिसेनात म्हणून जिब्रेलिक अ‍ॅसिड (जीए) या संजीवकाची 1 ग्रॅमची अख्खी पुडी 1 लिटर पाण्यात टाकून फवारली, तळाशी थोडे कण राहिले, आणि पंधरा दिवसांत झाडं वेलासारखी वर गेली. 1 लिटरमध्ये 1 मिलीग्रॅम म्हणजे 1 पीपीएम. तुमचं द्रावण 1000 पीपीएमच्या आसपास गेलं. फुलझाडांवर फवारताना बहुतेकदा 50 ते 200 मध्येच भागतं. शिवाय ही पावडर थेट पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळायची. तळाशी कण राहिले म्हणजे पहिल्या कुंडीला एक मात्रा आणि शेवटच्या कुंडीला भलतीच.

पण मात्रा बरोबर असती तरी कळ्या आल्या असत्या का? मला नाही वाटत. संजीवक म्हणजे खत नव्हे, तो झाडाला दिलेला निरोप आहे, आणि जीएचा निरोप मुख्यतः 'लांब हो' असाच. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीमुळे उंच, फिकट होऊन आडवी पडायची. 1926 मध्ये कुरोसावांनी दाखवलं की बुरशी वाढवलेल्या द्रवानेही रोपं तशीच लांबतात. ते द्रव्य म्हणजेच आपलं जीए. तुमची शेवंती आज तशीच दिसतेय.

शेवंतीला कळी धरायचा हुकूम लांब रात्रीकडून येतो. फोटोत कुंड्यांच्या वर जो दिवा दिसतोय, तो रात्रभर चालू असतो का? असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. व्यावसायिक लोक शेवंतीची कळी मुद्दाम लांबवायला मध्यरात्री दिवे लावतात, तुमच्याकडे ते फुकटात होतंय.

आता पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे पॅक्लो. ते झाडात जीए तयार होण्याची वाट अडवतं, पण तुम्ही बाहेरून आयतं जीए दिलंय, त्याला ते अडवणार कसं? आणि लांबलेली पेरं काही केल्या आखूड होत नाहीत. परिणाम दिसला तर तो नव्या पेरांवरच. त्यात ते मातीत फार काळ टिकतं. मी एकदा पॅक्लो दिलेल्या कुंड्यांतली माती पुढच्या हंगामात झिनियाला वापरली. रोपं चार बोटांची झाली आणि तिथेच थांबली, पानं मात्र गडद हिरवीगार. महिनाभर मी नत्र कमी पडतंय का ते शोधत बसलो! शेवंती बुटकी ठेवायचीच असेल तर पुढच्या वेळी डॅमिनोझाइड बघा, ते पानांवर फवारायचं असतं. त्याआधी शेंडा खुडून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

सध्या काठीचा आधार द्या आणि पानं फिकट असतील तर हलकं खत द्या. दिवे आजपासून बंद. रात्री लांब व्हायला अजून महिना-दीड महिना असेल तर शेंडे खुडून टाका, फुटवे येतील आणि त्यांची पेरं बऱ्यापैकी आखूड असतील. उशीर झाला असेल तर खुडू नका, फुलं लांब दांड्यावर येऊ द्या, कापून फुलदाणीत ठेवता येतील.

उरलेल्या आयबीए या दुसऱ्या संजीवकाच्या पावडरचंही तुम्ही विचारलंय. ती ठेवा, छाट कलमांना मुळ्या फुटायला छान आहे. गुलाब, बोगनवेल, जास्वंदीची काडी खालून तिरकी कापायची, टोक पावडरीत टेकवायचं, जास्तीची झटकून टाकायची. काडी थेट डब्यात बुडवू नका, ओल लागली की डबा वाया जातो. आणि मातीत आधी पेन्सिलने भोक पाडा, नाहीतर खोचताना सगळी पावडर वरच पुसली जाते.

दिवे बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांनी शेंड्याचा जवळून फोटो टाका.