इंग्लंडमधले शिकलेले भारतीय पालक मुलांच्या शाळेत इतकं लक्ष का घालतात?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी पुण्याहून येताय, मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि इथले भारतीय आईबाप शाळेच्या फार मागे असतात असं ऐकून धास्ती वाटतेय. मी रेडिंगजवळ राहते, माझी मुलगी आता नववीत, म्हणजे इथल्या 'इयर नाइन'मध्ये आहे. माझा अनुभव जरा उलटा आहे. आपण मुलांच्या अभ्यासात लक्ष घालतो, शाळेत नाही. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

अभ्यासाचं वेड खरं आहे. सगळ्या इंग्लंडात सरकारी ग्रामर स्कुलं, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळा, 163. त्यातल्या रेडिंगमध्ये दोन, शेजारच्या स्लाउमध्ये चार. त्यांची प्रवेश परीक्षा इथल्या सहावीच्या ('इयर सिक्स'च्या) सुरुवातीला, सप्टेंबरात. म्हणून आमच्याकडे गणपतीच्या आरतीला दहा वर्षांची मुलं फारशी दिसत नाहीत. आणि ट्यूटर कोण, हे जिवलग मैत्रीणही सांगत नाही! शाळांच्या पसंतीचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचा, कुठली शाळा मिळाली ते 1 मार्चला कळतं. परीक्षेची नोंदणी मात्र त्याच्या बरीच आधी उरकते, ती चुकवू नका.

माझी मुलगी ग्रामरला लागली नाही, साध्या सरकारी शाळेत गेली. तिथे सातवीत तिला गणिताच्या तिसऱ्या सेटमध्ये टाकलं. सेट म्हणजे तयारीनुसार पाडलेले वर्ग. घरी ती माझ्यासमोर समीकरणं धडाधड सोडवायची. मग मी काय केलं? आणखी दोन वर्कबुकं आणली. शाळेला विचारायचं सुचलंच नाही. गुरुजींनी ठरवलंय म्हणजे काहीतरी पाहूनच ठरवलं असेल, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पॅरेंट्स इव्हनिंगला एकेका शिक्षकाकडे जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात. सर म्हणाले, 'शी इज लव्हली, डूइंग फाइन.' मी थँक यू म्हणून उठले. इथल्या 'फाइन'चा अर्थ आपल्याकडच्या 'बरंय'इतकाच, हे तेव्हा माहीत नव्हतं.

डोळे उघडले ते शेजारणीने. ती जमैकन वंशाची, व्यवसायाने वकील, तिचा मुलगाही त्याच सेटमध्ये. तिने पहिला प्रश्न विचारला, 'तू लेखी विचारलंस का?' मग तिने गणित मांडलं. जीसीएसई म्हणजे इथली दहावीसारखी, सोळाव्या वर्षीची परीक्षा. तिच्या गणिताचे दोन स्तर असतात. खालच्या, फाउंडेशन स्तराला कितीही चांगला पेपर गेला तरी ग्रेड 5च्या वर मिळतच नाही (सगळ्यात वरची ग्रेड 9). आणि पुढे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, गणित घ्यायचं तर सहसा 6 किंवा 7 मागतात. सातवीतला सेट पुढे बदलला नाही, तर पोरगी त्याच वाटेने फाउंडेशनला पोचते.

तिच्या सावधपणाला इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकांत कॅरिबियन मुलांना इथे सर्रास 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत पाठवत. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी 1971मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली तेव्हा मोठी खळबळ झाली. ते पालक गप्प बसले नाहीत, चर्चमध्ये, घराघरांत शनिवारच्या शाळा चालवल्या. शेजारीण अशाच एका शाळेत शिकलेली. ती म्हणते, 'कोर्टात घालते तोच कोट घालून मी शिक्षकांना भेटायला जाते. नाहीतर मी कोण, हे त्यांना आधी सांगावं लागतं.'

तिने सांगितलं तसं मी ईमेल केला: सेट कशावरून ठरला, बदल कधी होतो, पुढच्या चाचणीत किती हवेत. आठवडाभरात भेट ठरली. सरांनी मान्य केलं की मार्क चांगले आहेत, पण 'ती वर्गात बोलत नाही.' हाफ टर्मनंतर, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीनंतर, मुलगी वरच्या सेटमध्ये गेली. शेजारणीने त्याच आठवड्यात तसाच ईमेल केला होता, तिच्या मुलाचे मार्क माझ्या मुलीपेक्षा दोनने जास्तच होते. तिला 'अजून थोडं पाहू' असं उत्तर आलं. मुलगा वर गेला, पण एक टर्म उशिरा आणि तीन भेटींनंतर. आमची पोरं 'शांत, कष्टाळू' या शिक्क्याखाली सुटतात. तिच्या मुलाला तो शिक्का कुणी मारत नाही. मला आनंद झाला तो जरा ओशाळवाणाच होता.

तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर वर्गातला नंबर नसेल. 'वर्किंग टुवर्ड्स' असं दिसलं, तर ते कौतुक समजू नका. अपेक्षेपेक्षा मागे आहे असा त्याचा अर्थ. फॉर्मवर घरची भाषा विचारतील, तिथे बिनधास्त मराठी लिहा. आमच्यातले काही जण घाबरून इंग्रजी लिहितात, त्याने काही साधत नाही. (गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूला जीसीएसई आहे, मराठीला नाही. तो वेगळा राग.)

पहिल्या भेटीला वही-पेन न्या आणि शिक्षक बोलतील ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या. शेजारीण तेच करते. तिने वही उघडली की समोरची व्यक्ती 'फाइन' म्हणायची थांबते, हे मी स्वतः पाहिलंय.