63 पायऱ्यांचं घर

"मॅडम, आम्हाला ते समुपदेशन-बिमुपदेशन काही नको. हिला फक्त एवढं विचारा, स्वतःच्या घरात राहायला कसली भीती वाटते?" खुर्चीत टेकायच्या आत काका बोलून मोकळे झाले. काकू पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निवृत्तीनंतर मुंबई सोडून कोकणात यायचं हे पक्कं, पण नेमकं कुठे, यावरून अबोला धरलेली जोडपी दापोलीत माझ्याकडे बरीच येतात. त्यातल्या एकाची ही हकीकत, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

काका 66 वर्षांचे, काकू 63. सगळा संसार डोंबिवलीत झालेला. वडिलोपार्जित घर हर्णैच्या पुढच्या एका गावात. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा, मागे माडांची वाडी, पाच मिनिटांवर समुद्र. काकांच्या मनात ते कधीच तिथे राहायला गेले होते. काकूंना दापोलीत, बाजारापासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती.

पहिल्या भेटीत मी कोणालाही बाजू मांडू दिली नाही. दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, लग्नानंतर त्या घरात कोणत्या महिन्यात, किती दिवस राहिलात ते लिहा. काकांनी भराभर लिहिलं : मे, मे, गणपती, मे. काकूंच्या कागदावर तेच महिने होते, पण प्रत्येकापुढे न सांगता आणखी काही लिहिलेलं. "22 माणसं." "पंप बंद, पाणी रहाटाने." "उकडीचे मोदक 151." एकाच घराच्या ओटीवर एक जण सुट्टीला गेला होता आणि स्वयंपाकघरात दुसरी कामाला. भर पावसातलं, पाहुण्यांशिवायचं ते घर दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

हे मी बोलून दाखवलं तर काका चिडले. मग काकूंनी अचानक वेगळाच विषय काढला. त्यांची लेक अमेरिकेत, डेन्व्हरला. तिच्या शेजारचं निवृत्त जोडपं तरुणपणी दर हिवाळ्यात ब्रेकनरिजला स्कीइंगला जायचं, म्हणून उतारवयात त्यांनी तिथेच घर घेतलं. गाव सुमारे 9,600 फुटांवर. विरळ हवेत झोप लागेना, गुडघ्यांनी स्कीइंग सुटलं, दारातला बर्फ उपसणं मात्र सुटलं नाही. मोठं बर्फाचं वादळ झालं की डेन्व्हरला उतरणारा आय-70 हमरस्ता बंद. शेवटी दोघं खाली, 5,280 फुटांवरच्या डेन्व्हरला आले.

"बरोबरच केलं," काका लगेच म्हणाले. "त्या वयात डोंगरावर कशाला कडमडायचं? हौस असेल तेव्हा जावं, चार दिवस राहावं, परत यावं."

बोलून ते थांबले. काकू पंख्याकडे बघत होत्या. मीही काही बोलले नाही, अशा वेळी गप्प बसण्याचेच आम्हाला पैसे मिळतात. नंतर एवढंच म्हटलं, की आपल्याकडे जरा उलट आहे. समुद्र खाली आणि डॉक्टर वर दापोलीत, 800 फुटांवर.

गृहपाठ दिला तो जुलैचा. पूर्ण 31 दिवस गावच्या घरी, दोघांनीच राहायचं. रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाखाडीच्या पायऱ्या मोजायच्या. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढून नावं वाचायची, कारण सामायिक घरात स्वतःच्या पैशाने कमोड आणि फरशी घालून नंतर भाऊबंदांशी कज्जे करणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि एक प्रश्न दिला : दोघांपैकी एकच मागे उरलं तर या घरात कोण, कसं राहील?

"अभद्र बोलू नका," काका म्हणाले.

"मला गाडी येत नाही," काकू म्हणाल्या. एवढंच. पण भांडणाचं मूळ माझ्या हाती लागलं ते इथे. तोवर मीही त्यांचा विरोध हा सासरच्या जुन्या कष्टांचा राग समजत होते. ती माझी चूक. त्यांना भीती होती ती शेवटच्या काही वर्षांची, आणि ती बोलून दाखवणं म्हणजे नवऱ्याचं मरण चिंतणं, म्हणून "दापोलीत भाजी चांगली मिळते" असली कारणं चालली होती.

ऑगस्टमध्ये दोघं परत आले. माझा अंदाज होता की काकू कंटाळून येतील. झालं भलतंच. त्यांना शेजारच्या दोघी मिळाल्या, दुपारी गप्पा व्हायच्या, आणि 22 माणसं नसलेलं ते स्वयंपाकघर त्यांना पहिल्यांदाच आवडलं. काका मात्र ओटीवर एकटे. झडी लागली की झोपाळ्यावर बसून तरी किती बसणार? बरोबरीचे सगळे चाकरमानी, मे सोडला तर गावात कोणी नाही. एका रात्री वारा सुटला, वीज गेली ती तिसऱ्या दिवशी आली. शेजाऱ्यांनी 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाच्या आठवणी काढल्या. तेव्हा कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

आणि पायऱ्या. काका छातीठोकपणे 40 सांगत होते. निघाल्या 63, शेवाळलेल्या. त्या महिन्यात वाडीतल्या एका आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर रस्त्यापर्यंत नेलं, त्या चौघांत काका होते. "मधे दोनदा खुर्ची टेकवली," ते म्हणाले. पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

विकत काही घेऊ नका, एवढा एकच सल्ला मी सरळ दिला. दापोलीत तळमजल्यावरची जागा 11 महिन्यांच्या करारावर घेतली. आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, झाली की वर, दिवाळीनंतर खाली. गणपती अर्थातच गावच्या घरी. घराच्या उताऱ्यावर चुलतभावाचंही नाव निघालं, तेव्हा तिथे दुरुस्तीपलीकडे खर्च करायचा नाही हे काकांनीच ठरवलं. काकू रिक्षावाल्यांचे नंबर वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवतात.

सध्या वाद आहे झोपाळ्याचा. काकांना तो पावसाळ्यापुरता वर आणायचाय, आणि घरमालक स्लॅबला कड्या ठोकू देत नाहीत. काकूंचा फोन आला होता, तुम्हीच यांना समजवा म्हणून. मी नाही म्हटलं.