बेळगावच्या पोराला चित्रपट-मालिकांच्या परदेशी वितरणात करिअर जमेल का?

जमेल की! फक्त विकायचा असतो तो सिनेमा नव्हे, त्याचे हक्क: कुठला देश, किती वर्षं, कोणती भाषा, टीव्ही की ओटीटी. म्हणून आधी करार वाचायला शिक. संवाद वगळून संगीत-आवाजांचा वेगळा ट्रॅक असतो, एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) म्हणतात; तो नसला की परदेशी डबिंगवाला कपाळाला हात लावतो. खरेदीदाराला असं काय काय द्यायचं, त्या डिलिव्हरीच्या याद्या तपासण्यापासूनच अनेकांची सुरुवात होते, पगार बेताचाच.

कान, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांत भरणारे हक्क-विक्रीचे बाजार नंतर बघ. एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) फिल्म बाजार, आताचा वेव्ह्ज फिल्म बाजार, 2007 पासून गोव्यात, नोव्हेंबरात भरतो. चोर्ला घाट उतरलास की पणजी! आणि मराठी-कन्नड दोन्ही येतं ना? मग डबिंग-हक्कांच्या बोलणीत तुझं नाणं खणखणीत.