पोरगी स्पेनला, झोप सांगलीला

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की मला ठराविक फोन सुरू होतात. "मॅडम, मुलगी बाहेर शिकायला गेलीय, तीन आठवडे झाले, रोज रडतेय, परत बोलवून घेऊ का?" त्यातलीच एक केस सांगते, मुलीला विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सांगलीकडची मुलगी, पुण्यात राहून स्पॅनिश शिकली, क्लासात कायम पहिली, आणि मास्टर्ससाठी गेली स्पेनमधल्या सलामांकाला. स्पॅनिशवाल्यांची ती काशीच म्हणा, तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव होते तेव्हाचं. जुनं गाव सगळं सोनेरी दगडाचं. पहिल्याच सेशनला म्हणाली, "मॅडम, एवढं सुंदर गाव आणि मी त्यात रडत फिरते, याचीच जास्त लाज वाटते."

लाजेचं खरं कारण मात्र एक सँडविच निघालं. ही शाकाहारी. काउंटरवर नीट स्पॅनिशमध्ये विचारलं, मांस नाही ना, तो म्हणाला नाही, आणि दिलं 'वेखेताल' सँडविच, नावातच व्हेज. प्लाथा मायोरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य चौकात, बाकावर बसून पहिला घास घेतला तर आत ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं! तो माणूस खोटं बोलला नव्हता हं, तिकडे बोलताना 'कार्ने' म्हणजे मटण-बीफ-पोर्क असंच धरतात, मासा त्यात येत नाही, कधीकधी हॅमसुद्धा येत नाही. परत जाऊन सांगायला गेली तर तो भराभर काहीतरी बोलला, हिला एक शब्द कळला नाही, मग त्याने सरळ इंग्लिश सुरू केलं. तिथे ही मोडली. सँडविच राहिलं बाजूला, पहिली येणारी मुलगी आणि तिला भाषाच येत नाही, हे लागलं तिला. त्या दिवसापासून दुकानात जाणंच बंद, रूमवर मॅगी आणि आईने दिलेली मेतकुटाची बरणी.

मी तिला कसं वाटतंय हे फार विचारलं नाही, ते ती आईला रोज सांगतच होती. मी म्हटलं आठवडाभर फक्त घड्याळ लिही, उठलीस कधी, जेवलीस कधी, फोन कधी. वही बघितली आणि मला हसूच आलं. तेव्हा वेळेचा फरक साडेतीन तासांचा. आई पहाटे सहाला उठून गुड मॉर्निंग टाकणार तेव्हा तिथे रात्रीचे अडीच, फोन वाजला की ही जागी, मग तासभर बोलणं. आईचं रात्रीचं जेवण साडेआठला, म्हणजे तिथे पाच, तेव्हापासून व्हिडिओ कॉल, आई साडेदहाला झोपेपर्यंत, म्हणजे तिथले सात. मग रडून साडेआठला ही पण झोपणार.

आता सलामांकाचं घड्याळ बघा. दोन ते पाच बरीच दुकानं बंद, जेवण दोन-तीनच्या सुमाराला, संध्याकाळी गाव बाहेर पडतं, रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. ही सुरुवातीला एक वाजता जेवायला जायची तर किचन चालू नसायचं, चारला सामान आणायला जायची तर शटर खाली. तिला वाटायचं गावच आपल्याला दार लावून घेतंय. आणि गाव जेव्हा दारं उघडून बसायचं तेव्हा ही एकतर फोनवर नाहीतर पांघरुणात. रूममेट दहाला स्वयंपाकाला लागायच्या, हिला बोलवायच्या, ही झोपलेली. त्यांना वाटलं असणार, हिला आपण आवडत नाही.

ॲडजस्ट कर वगैरे मी काही म्हटलं नाही, त्या शब्दाचा मुलांना उबग आलाय. दोनच गोष्टी ठरवल्या. फोन रात्री सायलेंट, आईशी दुपारी अडीचला अर्धा तास, म्हणजे आईचे संध्याकाळचे सहा. आणि रोज एकाच बेकरीत जाऊन एकच पाव घ्यायचा, समोरचा इंग्लिशमध्ये बोलला तरी आपण स्पॅनिश सोडायचं नाही. पहिले चार दिवस अवघडच गेले. सहाव्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी न विचारता पाव काढून ठेवला आणि 'रोजचाच ना?' असं काहीतरी म्हणाल्या, आणि हिला ते कळलं. मला व्हॉइस नोट आली, "मॅडम, मी ग्रासियास म्हणायचे, काल तोंडातून आपोआप ग्राथियास आलं!" ग्रासियास म्हणजे थँक्यू, आणि तिकडची माणसं त्याचा उच्चार ग्राथियास करतात.

सगळ्याच केसेस अशा पावावर सुटत नाहीत. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, लेक्चर सुटत असतील, जगणं नको वाटतंय असं कधी तोंडातून आलं असेल, तर घड्याळ लिहीत बसू नका, तिथल्या डॉक्टरकडे नाहीतर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे लगेच जायचं. स्पेनमध्ये आत्महत्येचे विचार येत असतील तर ०२४, आणि तातडीला ११२.

ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली, फरक झाला साडेचारचा. दुसऱ्याच दिवशी आईचा मला फोन, "मॅडम, सहाला लावते तर उचलत नाही, आणि रात्री नऊला लावला तर म्हणते प्लाथात घड्याळाखाली मैत्रिणी थांबल्यात, नंतर बोलू. माझं मेलीचं जेवणच जात नाही." म्हटलं ताई, तुम्ही या गुरुवारी चारला.