ख्रिस्ती माणसाने टीकेला उत्तर द्यावं की गप्प बसावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्मांतराचे व्हिडिओ येत राहतात. परवा डबा खाताना एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, 'तुझ्या आजोबांना किती पोती गहू मिळाला होता रे?' तुमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात हा छळ आहे, दुसरा गाल पुढे करा. बायको म्हणते, सरळ ग्रुप सोडा. तर काय करावं?

माझं मत विचाराल तर बोलावं. मी नगर जिल्ह्यातला, घरातल्या चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. धान्यासाठी धर्म बदलला, असं सुचवणारा गव्हाचा हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आलोय.

पाळकांचा मान ठेवून सांगतो, प्रत्येक टोमण्याला छळ म्हणू नये. ज्यांना खरोखर मार बसत होता अशा लोकांना येशूचा शिष्य पेत्र बायबलमध्ये पत्र लिहितो आणि त्यातही बजावतो की चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये. म्हणजे टीका आली की आधी बघायचं, यात खरं किती आहे? जेवढं खरं असेल तेवढं सरळ मान्य करायचं.

गव्हाचंच घ्या. 1896-97 चा आणि पाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या भागात मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली आणि त्या वर्षांत बाप्तिस्मेही झाले. हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण अर्धीच गोष्ट सांगून थांबू नका. माझे पणजोबा महारवाड्यातले. गावच्या पाणवठ्यावर त्यांना मज्जाव होता आणि अक्षरओळख झाली ती मिशनच्या शाळेत. गव्हाने त्या वर्षीची भूक भागते. चार पिढ्या दर रविवारी उपासनेला कोणी गव्हासाठी जात नाही. हे त्या सहकाऱ्याला तावातावाने ऐकवू नका, घरची हकिकत सांगतो तसं सांगा.

तो कदाचित गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या धर्मन्यायालयाचा, विषय काढेल. 1560 मध्ये ते सुरू झालं, 1812 मध्ये कायमचं बंद झालं. ख्रिस्ताच्या नावाने माणसांना तुरुंगात टाकलं, जाळलं. त्यावर 'पण ते पोर्तुगीज होते', 'पण आम्ही प्रोटेस्टंट' असं काही म्हणू नका. ते पाप होतं, एवढंच म्हणा. मंडळीत अजून लग्न जमवताना जात पाहिली जाते, असं तो म्हणाला तर तेही कबूल करा. ही टीका आपल्याला हवीच आहे.

या बाबतीत मला सतत पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. मार्च 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतल्या हितचिंतकांचा, सल्लागारांत रानडे-भांडारकर. मुलींना धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार, सोवळंओवळं पाळायची मुभा होती. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून पुणं पेटलं. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी कोणाला बोलावलं नाही, पण आलेल्यांना हाकललंही नाही आणि दारही लावून घेतलं नाही.

पालकांचा आक्षेप मला आजही पोकळ वाटत नाही. सगळा आधार जिच्यावर आहे त्या बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसणाऱ्या कोवळ्या पोरीची निवड कितपत मोकळी, हा प्रश्न रास्तच आहे. आपल्या वसतिगृहांनी, शाळांनी तो रोज स्वतःला विचारायला हवा. तरीही रमाबाईंचं एक मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि टीकेपायी काम सोडलं नाही. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवलं, छापखाना चालवला, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. पुणे-दौंड मार्गावर केडगावला ती संस्था आजही आहे, कधी जाऊन या.

आता दुसऱ्या गालाबद्दल. प्रभू येशूला महायाजकापुढे, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूपुढे, चपराक बसली तेव्हा ते गप्प राहिले नाहीत. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर मारतोस का, असं त्यांनी विचारलं. सूड घेतला नाही, जाब मात्र विचारला. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीशिवाय फटके मारून कोठडीत टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचं ठरवलं, तर त्याने ठणकावलं की त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. ओडिशात 1999 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळलं. त्यांची पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं आणि खटला आपल्या वाटेने चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेव्हा उद्या कोणी घरगुती प्रार्थना बंद पाडायला आलं, धमकी दिली, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. त्यात देवावरचा अविश्वास नाही. धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम 25 आपल्यालाही लागू आहे.

तुमच्या सहकाऱ्याचं मात्र पोलिसांपर्यंतचं प्रकरण नाही. ग्रुप सोडू नका, ग्रुपवर वादही घालू नका. तिथे माणूस बघ्यांसाठी बोलतो. त्याला एकट्याला चहाला न्या आणि विचारा, तुला खरंच जाणून घ्यायचंय का? हो म्हणाला तर आजोबांचं सगळं सांगा, गव्हासकट. नाही म्हणाला तर चहा प्या आणि सांगा की चारचौघांत माझ्या आजोबांचा असा उद्धार पुन्हा केलास तर मी तिथल्या तिथे हरकत घेईन. मग पुन्हा झालं तर खरंच घ्या, आवाज न चढवता.